उतारावरचे खड्डे

अल्बानियातल्या त्या डोंगरावर गांजासाठी खड्डे खणताना बार्दिलची कुदळ तंबाखूच्या चांदीच्या डबीवर आपटली. झाकणावर वडलांचं नाव होतं, खाली हाडं. जुन्या राजवटीनं गोळी घालून त्यांना कुठं पुरलं, हे आई मरेपर्यंत विचारत राहिली होती. रीतसर दफन करायचं तर पोलिसांना या शेतातच आणावं लागणार होतं. त्यानं आणलं.

फौजदार अग्रोननं टोपी काढली. मग शेणखत भरलेल्या खड्ड्यांच्या ओळींकडे पाहिलं.

"एवढे खड्डे कशाला रे?"

बार्दिलनं कुदळ पाठीमागं सरकवली.

"वडलांना शोधत होतास, गाढवा!"

बार्दिलचे डोळे भरून आले. "साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझ्या काकांनाही त्यांनी याच डोंगरात कुठंतरी पुरलंय. पुढच्या हंगामात गांजा जरा वरच्या अंगाला लाव."