काकींचं पाणी

"जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडायची नाही, तांडेलकाका. जुनीमुळे नवीही लवकर बसते. भंगारात देऊन टाका ती," बाबल मिस्त्री म्हणाला.

धर्मा तांडेलाने जुनी बॅटरी होडीच्या फळीवरून उचलून मांडीवर घेतली. चंद्रभागा होती तेव्हाची वस्तू. घरधनीण शिमग्याआधी गेली, आता हीसुद्धा जाणार.

"सात वर्षं टिकली माझ्या हाताखाली. बंदरात कुणाची टिकते? हाताला गुण असावा लागतो."

बाबलला हसू आवरेना. "तुमच्या हाताला? पावसाळ्यात होडी वर ओढली की बॅटरी तुमच्या घरी यायची ना? काकी माझ्याकडून बॅटरीचं पाणी न्यायच्या आणि स्वतः घालायच्या. मला म्हणायच्या, 'त्यांना सांगू नकोस हां. मारू दे बढाया.'"

धर्मा खो खो हसला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता त्याने समुद्राकडे तोंड फिरवलं.

बाबलने तारा वेगळ्या केल्या. नवी इंजिनाला दिली, जुनी एकट्या दिव्याला. "एवढं ओढेल ती. पण पाणी बघत राहायला हवं."

"आण ती बाटली. कुठपर्यंत घालू?"

"ह्या रेघेपर्यंत."

धर्माने एकेक बूच उघडून जपून पाणी घातलं, बुचं घट्ट केली आणि बॅटरीवर हात ठेवला.

"उपकार झाले गं, चंद्रे," तो म्हणाला. "उद्यापासून बढाया तुझ्या नावाने."