घंटीचं उत्तर

जहाजाच्या कप्तानाने वर हुकमाचा काटा फिरवला, की खाली इंजिनघरात घंटी वाजायची. हुकूम पाळून झाला की मिस्त्रीने आपला काटा फिरवून तसं वर कळवायचं. पण जरा उशीर झाला, की कप्तान फोनवर खेकसायचा, "काय मिस्त्री, पाताळात डोळा लागला का?" रोजच्या या टोमण्यांना कंटाळून मिस्त्रीने आधी काटा आणि मग काम, अशी सवय लावून घेतली होती.

त्या दिवशी दाट धुक्यात 'थांबा' असा हुकूम आला. मिस्त्रीने काटा फिरवला आणि इंजिनाला वाफ देणारी झडप बंद करायला धावला, तर झडप अडकलेली. अंगाचा सगळा भार टाकून त्याने ती बंद केली, तोवर बाहेरून पत्र्याला काहीतरी खरवडत गेलं.

त्याने फोन उचलला. "साहेब, काय लागलं?"

"ओंडका असेल. पुढे काहीतरी काळं दिसलं होतं. पण तुम्ही घंटीसरशी इंजिन थांबवलंत, म्हणून मी सुकाणू वळवलंच नाही. शाब्बास!"

फोन ठेवला गेला. लगेच घंटी वाजली. हुकूम होता, 'पुढे चला'.

मिस्त्रीचा हात काट्याकडे गेला आणि तिथेच थिजला. पत्र्यापलीकडून कुणीतरी तळहाताने थापा मारत होतं.