बर्फाचं फावडं

"सांगते, आजच सांगते," असं सुनिवा सोमवारी आईला फोनवर म्हणाली. मंगळवारीही तेच म्हणाली. बुधवारी आईने विचारणंच सोडून दिलं.

सांगायचं एवढंच होतं, की होडीबांधणीचं शिक्षण मध्येच सोडून ती बर्गनला दातांच्या कवळ्या बनवायला शिकणार होती. तिथल्या कॉलेजात जागा मिळाली होती. हवी की नको, ते शुक्रवारी दुपारी बाराच्या आत कळवायचं होतं. सुनिवाला ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. आजोबांची टोचणारी कवळी तिने एकदा बारीक कानशीने घासून नीट बसवून दिली होती, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

अडचण होती ती ओडवार मास्तरांची. बेटावरच्या त्या छोट्या शाळेत होडीबांधणीच्या वर्गाला एकच विद्यार्थी उरला होता, आणि तो म्हणजे सुनिवा. ती गेली की वर्गाला कुलूप. मास्तरांना एकोणसत्तर वर्षं झाली होती. निवृत्तीचं वय उलटूनही ते घरी बसले नव्हते, कारण 'विद्यार्थी आहे तोवर मी आहे' असा शब्द त्यांनी कधीकाळी भर सभेत दिला होता. आता अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्यात बर्गनचं पत्र नेमकं मास्तरांच्याच हाती पडलं. पाकिटावर हा एवढा मोठा दात छापलेला. मास्तरांनी ते तिच्या डब्याशेजारी ठेवलं आणि रंधा मारायला घेतला. आत काय आहे, हे काही त्यांनी विचारलं नाही. बेटावर असलं कुणी कुणाला विचारत नाही. शेजारच्याच्या छपराला आग लागली तरी इथली माणसं आधी वाऱ्याची चौकशी करतील आणि मग जमलं तर आगीची.

बुधवारी डबा खाताना मास्तर एकदम म्हणाले, "माणसं म्हातारी होत राहणार, दात पडत राहणार. होड्यांचं काय, आता साच्यातून काढतात."

सुनिवाने चीज-पाव पुन्हा डब्यात ठेवला. टोमणा होता, दुसरं काय!

"लाकडाची होडीही लागतेच की, मास्तर," ती कशीबशी म्हणाली.

"कुणाला?" मास्तर म्हणाले, आणि संत्रं सोलू लागले.

मास्तरांच्या मनाला लागलंय, हे उघड होतं. पण तिला खरी काळजी वेगळीच वाटत होती. गेला महिनाभर मास्तर एक काळं छोटं पुस्तक खिशात घेऊन फिरत. काम थांबलं की डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, मग हळूच पुस्तकात बघत आणि पुन्हा पुटपुटत. सुनिवा जवळ आली की पुस्तक झटकन खिशात. जन्मात चर्चची पायरी न चढलेला माणूस या वयात प्रार्थना पाठ करायला लागतो, तो उगीच नाही.

गुरुवारी मास्तरांची बायको, गुनवोरबाई, शाळेत आल्या. एका हातात बर्फ उपसायचं फावडं, दुसऱ्या हातात मास्तरांचे दोन जाड स्वेटर.

"घे गं, तुला होतील. आम्हाला काही आता लागायचे नाहीत."

"अहो, पण पुढच्या थंडीत?"

"पुढच्या थंडीत..." गुनवोरबाई म्हणाल्या आणि मास्तरांकडे बघू लागल्या. मास्तर खिडकीतून समुद्राकडे बघत होते, दक्षिणेला, अगदी एकटक.

सुनिवा काय समजायचं ते समजली. फावडं खांद्यावर टाकून ती रडतच घरी गेली. आवराआवर चालली होती बिचाऱ्यांची. आणि अशा वेळी त्यांची शेवटची विद्यार्थिनी काय करते, तर कवळ्या बनवायला पळून जाते. छे, छे! असल्या कवळ्या जगात कुणाच्या तोंडात बसायच्या नाहीत.

शुक्रवारी, बाराला वीस मिनिटं असताना, तिने बर्गनला फोन लावला आणि जागा नको म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, बरं झालं कळवलंत, यादीत पुढे बरेच जण वाट बघत बसलेत. सुनिवाने फळ्यांच्या ढिगामागे जाऊन थोडं रडून घेतलं, थंड पाण्याने तोंड धुतलं आणि आत आली.

"मास्तर, मी कुठेही जात नाही. उरलेली दोन्ही वर्षं इथेच."

रंधा थांबला.

"नक्की?"

"नक्की. बर्गनला नाही म्हणून सांगितलं."

"सांगूनसुद्धा टाकलंस?"

"हो. आत्ताच."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओडवार मास्तरांच्या डोळ्यांत पाणी बेटावर कुणी पाहिलेलं नव्हतं. सुनिवाचा ऊर भरून आला. जागा गेल्याचं दुःख तिला आता तितकंसं वाटेना. आपण केलं ते बरोबरच केलं, असं तिला अगदी आतून वाटलं.

"गुणाची आहेस, पोरी," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि फोन करायला पलीकडच्या खोलीत गेले. शाळेच्या भिंती फळ्यांच्याच, पलीकडचा शब्द न् शब्द इकडे ऐकू यायचा.

"गुनवोर, स्पेनच्या घराला नको म्हणून कळव," मास्तर सांगत होते. "हो, दोन वर्षं. मी तरी काय करू, शब्द दिलाय. ते स्पॅनिशचं पुस्तक टाकतो इथेच कपाटात. आणि हे बघ, फावडं परत मागायला मला नको सांगूस, तूच ये."