गुडघाभर गवत

"मॅडम, तुमच्या राक्षसांचे पाय कधीच का दिसत नाहीत?"

दाढीवाल्या तरुणानं खुर्चीत नीट टेकायच्या आतच विचारलं. त्याच्या मांडीवर बाईंची जुनी चित्रपुस्तकं होती, पानं निखळू नयेत म्हणून दोरीनं बांधलेली. हा तरुण चित्रपटांसाठी राक्षस नि ड्रॅगन रंगवतो, त्याची चित्रं इमारतीएवढ्या फलकांवर लागतात, असं लेकीनं बाईंना सकाळीच सांगून ठेवलं होतं. एवढा मोठा माणूस ऐंशी वर्षांच्या म्हातारीकडे कशाला येतोय, ते मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

त्यानं दोरी सोडली. एक राक्षस गुडघाभर गवतात उभा. दुसरा तळ्यात. तिसऱ्याच्या पायांशी दाट धुकं.

"लहानपणी मी या गवतात टक लावून बसायचो. वाटायचं, खाली काय असेल? खूर? मुळं? त्या भीतीपायीच चित्रकार झालो. आता मी तसंच काढतो, माझं बघून इतरही काढतात. राक्षस कुठून उगवला ते कधी दाखवू नये. हे तुमचंच तत्त्व ना?"

बाईंनी चित्रातल्या गवतावरून बोट फिरवलं. 'आता मुलांना हे चालत नाही' म्हणून प्रकाशकानं शेवटचं पुस्तक परत पाठवलं, तेव्हा रंगांची पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. आणि आज कुणी त्यांच्या गवतात तत्त्व शोधून काढलं होतं! नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथं तर झाकले पाय होते.

"पण नव्या चित्रपटात राक्षस समुद्रातून कड्यावर चढतो." तरुणाचा आवाज उतरला. "पाय दाखवावेच लागणार. महिनाभर नुसते कागद फाडतोय. तुम्ही काय केलं असतं?"

त्याचा चेहरा पाहून बाईंना खोटं बोलवेना.

"कड्यावरही गवत उगवलं असतं," त्या म्हणाल्या. "अरे बाळा, मला पाय काढताच येत नाहीत."

तरुणानं गवतातल्या राक्षसाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"तत्त्व कसलं डोंबलाचं! घोटा काढला की त्याचा बटाटा व्हायचा, बोटं काढली की शेंगा. छापखान्याची घाई. मग काय, गवत!"

बाईंना वाटलं, संपलं. आता हा पुस्तकं बांधून चालता होणार. तेवढ्यात तरुणाला हसू फुटलं आणि तो असा काही खदखदला की स्वयंपाकघरातून लेक डोकावली.

"आजी," डोळे पुसत तो म्हणाला, "मलाही येत नाहीत हो! गवत काढता काढता शिकायचंच राहून गेलं."

मॅडमची आजी कधी झाली, दोघांनाही कळलं नाही.

बाई उठल्या. फोनशेजारची पेन्सिल घेतली, भिंतीवरच्या कॅलेंडरची गेल्या महिन्यांची पानं फाडून उलटी केली.

"बूट काढ," त्यांनी फर्मावलं. "मोजाही. पाय त्या स्टुलावर."

पहिला पाय पावासारखा फुगला. दुसऱ्याला बोटं फुटली, पण एक जास्तच. तिसऱ्याला मात्र टाच आली, खरीखुरी, जमिनीवर भार टाकणारी.

"हलू नकोस रे. राक्षस कधी असा चुळबुळतो का?"

तरुण मान वाकडी करकरून बघत होता. शेवटी न राहवून त्यानंही खिशातलं पेन काढलं आणि स्वतःचाच अंगठा रेखाटायला घेतला.

लेक चहा घेऊन आली, तर कागदांपायी टेबलावर कप ठेवायला जागा नाही.

"खाली ठेव," बाई मान वर न करता म्हणाल्या, "आणि तूही चप्पल काढून बस. आता राक्षसीण काढायचीय."