देवीचा घोट

"आज डिमीटर देवी तूच," म्हणत आम्ही फोतिनीला विहिरीच्या कठड्यावर बसवलं. तिच्या सासूने पुदिना घालून कालवलेलं सातूचं पाणी तिच्यासमोर ठेवलं.

पोरगी समुद्रात बुडाल्यापासून फोतिनीने अन्न सोडलं होतं. जुन्या कथेत लेक हरवल्यावर डिमीटर देवीनेही सोडलं होतं. बायकांच्या चावटपणाला देवी हसली, तेव्हा कुठे दोन घोट प्यायली. ग्रीसच्या ह्या बेटावर शतकानुशतकं बंद पडलेला देवीचा उत्सव आम्ही फोतिनीसाठीच पुन्हा मांडला होता.

ठेवणीतल्या शिव्या झाल्या, अचकटविचकट गाणी झाली. फोतिनी ढिम्म हलेना.

शेवटी डोक्यावरचा रुमालही कधी ढळू न देणारी तिची सासू उठली आणि ढसाढसा रडत, घागरा वर करून नाचू लागली.

फोतिनीला हसू फुटलं. हसता हसताच तिने हंबरडा फोडला. मग वाडगं रिकामं करून म्हणाली, "आई, पुदिना फार घालता तुम्ही."