नव्या काचेचं पथ्य

गाडीची पुढची काच बदलायचा खर्च ऐकून मास्तरांनी आ वासला. "तू दारं आपटतेस, म्हणून एवढासा तडा काचभर पसरला!" ते बायकोवर घसरले. "मी कधीपासून कानीकपाळी ओरडत होते, लहान आहे तोवर बुजवून घ्या, त्याचं काय?" बाई कडाडल्या. मास्तरांनी पैसे मोजले. नवी काच बसवून कारागिरानं बजावलं, "गोंद ओला आहे. आज दार आपटलंत, तर काच सुटेल." बाई घरापर्यंत गाल फुगवून बसल्या. त्या उतरताच मास्तरांनी डोळेच मिटले. पण आत बाळ निजलं असावं, तसं बाईंनी दार अलगद लावलं. "बघ, जमतं की तुला!" मास्तर खूश झाले. तरातरा घरात शिरून बाईंनी दार धाडकन आपटलं. दाराची काच खळ्ळकन फुटली. मोकळ्या चौकटीतून आवाज आला, "आता हिचेही किती ते विचारून या!"