सगळ्यांत जड पोतं

पिल्लूचं पोतं काट्याला टांगलं आणि ते वाघिणीच्या पोत्यापेक्षा चांगलं अर्धा किलो जड निघालं.

वाघीण हे नाव पिल्लूच्या आईनंच ठेवलेलं, मागच्या गल्लीतल्या मुलीचं. दर रविवारी किनाऱ्यावर रुतलेली जाळी ओढून काढायला आईच्या जोडीला तीच. सख्खी लेक पार टोकाला, झाकणं वेचत. ज्याचं पोतं जड, तो पुढच्या रविवारी आईचा जोडीदार, असा नियम होता, आणि पिल्लू तीन रविवार हरली होती. म्हणून आज तिनं घरातला कचऱ्याचा डबा आणि औषधांचा खण सकाळीच पोत्यात ओतला होता. किनारा साफ करायला घरून कचरा घेऊन येणारी ती जगातली पहिलीच असेल.

आई म्हणाली, छान. आणि ओढणीच्या टोकानं वाघिणीच्या कपाळाची वाळू पुसली. पिल्लूचा नुसता जळफळाट झाला.

त्या नादात एक गोष्ट ती साफ विसरली. वजनानंतर पोती ताडपत्रीवर उपडी करून कचरा वेगळा करतात. तिचं पोतं नेमकं वाघिणीच्या वाट्याला आलं.

समुद्राच्या बाटल्या खरखरीत, वाळूनं भरलेल्या. या मात्र चकाचक. वाघिणीच्या भुवया वर गेल्या. मग तिच्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली आली. बाटलीवर पांढरी पट्टी, पट्टीवर आईचं अक्षर: 'पिल्लूचं. जेवल्यावर एक चमचा. रडली तरी द्यायचं, मग जवळ घ्यायचं.'

आई चार हात अंतरावर दोऱ्या गुंडाळत होती. आता वाघीण बोंब मारणार, पुढचा रविवार गेला, आणि अब्रूही.

वाघिणीनं ते दोनदा वाचलं. मग नखानं पट्टी सोडवली, अगदी हळू, फाटू न देता. बाटली प्लॅस्टिकच्या ढिगात टाकली.

"नाही सांगत," ती हळूच म्हणाली.

"पट्टी दे इकडे."

"ही नाही मिळणार. तुझ्याकडे ढीगभर असतील."

तिनं टोपी काढली, पट्टी आतल्या बाजूला चिकटवली, अंगठ्यानं नीट दाबली आणि टोपी पुन्हा घातली.

"काय गं, एवढं काय सापडलं?" आईनं विचारलं.

वाघिणीनं टोपी कपाळावर ओढली. शेवटी पिल्लूलाच म्हणावं लागलं, "काही नाही."